विकिपीडियावरचे आपले फोटो का हटवले जातात?

इंटरनेटवर वेळणेश्वर शोधून पाहा. समुद्रकिनारा दिसतो, माडाच्या बागा दिसतात, शंकराचे मंदिर दिसते, राहण्या-जेवणाच्या जाहिराती दिसतात. गुहागर तालुक्यात बौद्धवाड्या आहेत, त्यांत विहारे आहेत, मे महिन्यात मुंबईकर गावी आले की बुद्ध आणि बाबासाहेबांची संयुक्त जयंती होते, हे त्या चित्रांवरून कोणालाही कळणार नाही. आणि हा तो रत्नागिरी जिल्हा, ज्याच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव.

ही उणीव भरून काढायला आपले तरुण पुढे येतात, ही चांगली गोष्ट आहे. विकिपीडियावर लेख लिहितात, त्यासाठी विकिमीडिया कॉमन्सवर फोटो चढवतात. काही दिवसांनी इंग्रजीत एक सूचना येते आणि फोटो नाहीसा होतो. मग ग्रुपवर चर्चा सुरू होते की आपले म्हणून मुद्दाम काढले. पक्षपात कुठेच नसतो असे आम्ही म्हणणार नाही. या देशात तसे म्हणायला कोणी धजावू नये. पण हटवलेल्या फोटोंच्या नोंदी उघडून पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी कारण एकच दिसते: फोटो कोणी काढला आणि तो वापरायला कोणी परवानगी दिली, हे लिहिलेले नसते. स्रोत म्हणून ‘व्हॉट्सअॅप’, ‘गुगल’ किंवा ‘फेसबुक’ लिहिलेले असते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, बाबासाहेबांचा १९५० च्या दशकातला फोटो चढवून पंचवीस वर्षांच्या तरुणाने ‘स्वतःचे काम’ या पर्यायावर टिचकी मारलेली असते.

विकिमीडिया कॉमन्स हे २००४ साली सुरू झालेले चित्रांचे भांडार आहे. मराठी विकिपीडियासह सगळ्या भाषांतल्या विकिपीडिया तिथूनच चित्रे उचलतात. एकदा तिथे वेळणेश्वरच्या एखाद्या विहाराचा फोटो नीट चढला, तर तो मराठी, हिंदी, इंग्रजी, जपानी अशा कोणत्याही भाषेतल्या लेखात लावता येतो. पण त्या भांडाराची अट कडक आहे. तिथला प्रत्येक फोटो जगातल्या कोणालाही, कोणत्याही कामासाठी, अगदी धंद्यासाठीसुद्धा, फुकट वापरता आला पाहिजे. त्यात बदलही करता आले पाहिजेत. ‘फक्त सामाजिक कामासाठी वापरावा’, ‘फक्त विकिपीडियासाठी परवानगी’, ‘विक्रीसाठी नाही’ अशी अट घातली की फोटो तिथे चालत नाही. इंग्रजी विकिपीडिया काही कॉपीराइट असलेली चित्रे मर्यादित प्रमाणात आणि ठरावीक अटींवर ठेवू देते. कॉमन्स अजिबात नाही.

म्हणजे प्रश्न दोन. हक्क कोणाचा, आणि तो हक्क असलेला माणूस इतकी मोकळीक द्यायला तयार आहे का? पहिल्या प्रश्नावरच आपली सगळ्यात जास्त गफलत होते.

आपल्याकडे असा समज आहे की ज्याच्या पेटीत फोटो, त्याचा फोटो. कायदा तसे मानत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे फोटोचा ‘लेखक’ म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती, आणि सामान्यतः पहिला मालक तोच. फोटोत असलेला माणूस नाही, ज्याच्या मोबाइलमध्ये आला तोही नाही. जुन्या फोटोचा मोबाइलने फोटो काढला म्हणून तो ‘स्वतःचे काम’ होत नाही. कुठे नोंदणी केली नाही म्हणून हक्क जातो असेही नाही. बटण दाबल्या क्षणी तो निर्माण होतो. छायाचित्रकार वारला तर हक्क त्याच्या वारसांकडे जातो.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो आपल्या फार उपयोगाचा आहे. कलम १७ म्हणते की कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देऊन फोटो काढून घेणारा असतो. आजोबांनी परळच्या किंवा चिपळूणच्या स्टुडिओत जाऊन, पैसे मोजून कुटुंबाचा फोटो काढून घेतला असेल, तर त्यावरचा हक्क आजोबांचा आणि त्यांच्यानंतर तुमच्या घरच्यांचा. मंडळाने ठरवून, मानधन देऊन जयंतीचा फोटोग्राफर बोलावला असेल तर तिथेही हाच नियम. पण तोच फोटोग्राफर स्वतःहून आला आणि नंतर प्रती विकल्या, तर हक्क त्याचाच. तुम्ही फक्त प्रत विकत घेतली. वर्तमानपत्राच्या नोकरीत असलेल्या छायाचित्रकाराचे फोटो छापण्याचा हक्क साधारणपणे वर्तमानपत्राच्या मालकाकडे असतो. म्हणून बातमीचे कात्रण स्कॅन करून चढवू नका, त्यात तुमचा स्वतःचा चेहरा असला तरी.

आता जुन्या फोटोंकडे येऊ, कारण आपला जीव तिथेच अडकलेला आहे.

भारतात फोटोच्या कॉपीराइटची मुदत तीनदा बदलली. १९५७ च्या आधी जो इंग्रजी अमलातला कायदा होता त्यात मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षे होती. १९५७ च्या कायद्याने प्रसिद्धीनंतर ५० वर्षे केली, १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० झाली, आणि २०१२ च्या दुरुस्तीने फोटोंचे वेगळे कलमच काढून टाकले. तेव्हापासून लेखनाप्रमाणे फोटोलाही, काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असा नियम लागतो. आधीच मुदत संपलेल्या फोटोंचा हक्क यामुळे पुन्हा जिवंत होत नाही.

इथेच थांबता आले असते तर बरे होते. पण कॉमन्सचे सर्व्हर अमेरिकेत आहेत, त्यामुळे फोटो भारतात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मुक्त असावा लागतो. अमेरिकेने १ जानेवारी १९९६ पासून परदेशी कामांना आपल्याकडे संरक्षण दिले. त्या तारखेला भारतात ज्या कामाचा कॉपीराइट चालू होता, त्याला अमेरिकेत सर्वसाधारणपणे प्रसिद्धीपासून ९५ वर्षे मिळाली. याचा परिणाम नीट बघा. कॉमन्स १९५८ पूर्वीच्या भारतीय फोटोंना काढल्यापासून ५० वर्षे हा हिशेब लावते. त्यामुळे १९४६ च्या आधी भारतात काढलेले फोटो दोन्ही देशांत मोकळे धरले जातात. फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला बाबासाहेबांचा कुटुंबासोबतचा प्रसिद्ध फोटो, ज्यात रमाई आहेत, यशवंतराव आहेत आणि टॉबी नावाचा कुत्राही आहे, तो या हिशेबात बसतो. पण १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेचा, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला फोटो अमेरिकेच्या हिशेबाने २०५१ सालाच्या अखेरपर्यंत अडकतो. संविधान सभेची शेवटची वर्षे, कायदेमंत्रिपद, हिंदू कोड बिल, धम्मदीक्षा, महापरिनिर्वाण: आपल्याला सर्वांत जवळचा काळ नेमका १९४६ ते १९५६ या अडचणीच्या दशकात येतो. यात कोणाचा कट नाही, पण म्हणून त्याचे दुःख कमी होत नाही.

गोलमेज परिषदेचे लंडनमधले फोटो आणखी वेगळे. फोटो भारतीय नेत्याचा असला म्हणून भारताचा कायदा लागत नाही. तो कुठे पहिल्यांदा प्रसिद्ध झाला हे बघावे लागते. ब्रिटनमध्ये साधारण नियम छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांचा आहे. आणि ‘सरकारी फोटो आहे, म्हणजे जनतेचा आहे’ हाही भ्रम काढून टाकावा. अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने नोकरीत काढलेला फोटो तिथे पहिल्या दिवसापासून मोकळा असतो. आपल्याकडे सरकारी कामावर सरकारचा कॉपीराइट असतो आणि तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो.

अशा जुन्या फोटोंबाबत आमचे मत स्पष्ट आहे. फोटोची तारीख, जागा आणि छायाचित्रकार शोधल्याशिवाय तो चढवू नये, आणि शोधण्याचे काम टाळूही नये. ७ डिसेंबर १९५६ ची बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकर यांनी स्वतः पैसा उभा करून चित्रित केली. आज त्यातली दृश्ये दर ६ डिसेंबरला लाखो मोबाइलवर फिरतात आणि व्हटकरांचे नाव कुठेच नसते. ज्याने कॅमेऱ्यामागे उभे राहून आपला इतिहास वाचवला त्याचेच नाव आपण गाळतो. कॉपीराइटचा रकाना भरताना कायदा पाळला जातोच, शिवाय हे विसरलेले नावही परत येते. जुन्या फोटोंत हौसेने रंग भरून फिरवणाऱ्यांनाही एक सांगणे आहे: मूळ फोटो मोकळा असला तरी रंग भरणाऱ्याची परवानगी वेगळी लागू शकते. आणि एआयने बनवलेले चवदार तळ्यावरचे बाबासाहेब हा इतिहासाचा फोटो नाही, कितीही छान दिसला तरी.

याउलट, जे आपण आज मोकळेपणाने चढवू शकतो त्याकडे आपले लक्षच नाही.

कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक सवलत आहे. इमारतीचा फोटो काढून प्रसिद्ध करणे हे वास्तुविशारदाच्या हक्काचे उल्लंघन नाही. तसेच सार्वजनिक जागी, किंवा लोकांना जाता येते अशा आवारात, कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढणे हे शिल्पकाराच्या हक्काचे उल्लंघन नाही. दादरची चैत्यभूमी, वास्तुविशारद शिवदानमल यांच्या आराखड्यावर उभा राहिलेला दीक्षाभूमीचा स्तूप, हैदराबादचा राम सुतार यांच्या हातून घडलेला १२५ फुटी पुतळा, या सगळ्यांचे फोटो तुम्ही स्वतः काढून चढवू शकता. तुमच्या वाडीतला बाबासाहेबांचा अर्धपुतळा, विहाराची इमारत, विहारात कायम बसवलेली बुद्धमूर्ती, मग ती थायलंडहून आलेली असो वा जवळच्या कारागिराने केलेली, हेही चालते. फोटोचा हक्क तुमचा, परवाना तुम्हीच द्यायचा.

या सवलतीच्या कडा मात्र ओळखून ठेवा. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जयंतीच्या मिरवणुकीतला रथ, चार दिवसांसाठी उभारलेला देखावा, थर्माकोलची प्रतिकृती यांना ही सवलत लागत नाही. मिरवणुकीचा सर्वसाधारण फोटो, ज्यात लोक, झेंडे, लेझीम आणि मागे कुठेतरी रथ आहे, त्याला सहसा अडचण येत नाही. फक्त देखाव्याचाच जवळून काढलेला फोटो अडतो. दुसरे, ही सवलत शिल्पाला आहे, भिंतीवरच्या चित्राला नाही. विहारातले रंगवलेले चित्र, कॅलेंडर, फ्लेक्स, छापील तसबीर यांचा फोटो काढला तर मूळ चित्रकाराचा हक्क मध्ये येतो. इथेही कलम १७ मदतीला येते: मंडळाने पैसे देऊन पेंटरकडून चित्र रंगवून घेतले असेल तर पहिला मालक मंडळ, आणि मंडळ लेखी परवानगी देऊ शकते. पण पेंटरने ते एखाद्या छापील कॅलेंडरवरून उतरवले असेल तर मूळ कॅलेंडरवाल्याचा प्रश्न राहतोच. आपल्या भिंतींवरची बरीच चित्रे तशीच आहेत, हे आपल्यालाही माहीत आहे.

लेण्यांचा प्रश्न सर्वांत सोपा. दापोली तालुक्यात कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीला २९ लेण्यांचा समूह आहे, त्यात बौद्ध लेणी आहेत. इतक्या जुन्या कोरीव कामावर कोणाचाच कॉपीराइट नाही. हक्क फक्त फोटो काढणाऱ्याचा. एका दिवसाची सहल काढली तर लेण्यागणिक, शिल्पागणिक फोटो काढून क्रमांकासह चढवता येतील. पर्यटकाने काढलेल्या फोटोत स्वतः उभा असतो. अभ्यासाला लागणारा फोटो असा निघत नाही.

जुन्या कागदांचेही तसेच. ‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० चा. अशा मुदत संपलेल्या छापील पानाचे सरळ स्कॅन केल्याने स्कॅन करणाऱ्याला नवा हक्क मिळतो असे कॉमन्स मानत नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा कॉपीराइट भारतात २०१६ च्या अखेरीस संपला. ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ १९५७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले, म्हणून त्याची मुदत एक वर्ष पुढे, २०१७ च्या अखेरीस संपली. पण आजच्या प्रकाशकाने केलेले मुखपृष्ठ, नवी प्रस्तावना, नवा अनुवाद यांवर नवा हक्क असतो. पुस्तकाचे कव्हर चढवण्याची आपल्याला फार हौस. ते जवळजवळ नेहमीच हटवले जाते.

आता परवाना. कॉमन्सवर स्वतःचा फोटो चढवताना साधारणपणे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.०’ हा परवाना निवडला जातो. अर्थ असा: कोणीही फोटो वापरावा, पण तुमचे नाव आणि परवान्याचे नाव द्यावे, बदल केला तर तसे सांगावे, आणि बदललेले चित्र याच परवान्याखाली द्यावे. नुसते ‘ॲट्रिब्युशन’ घेतले तर शेवटची अट उरत नाही. ‘सीसी झीरो’ म्हणजे नावाचाही आग्रह सोडला. आम्ही तरुणांना पहिला पर्याय सुचवतो, कारण आपल्याकडे श्रेय आधीच फार गाळले गेले आहे.

हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, हे सही करण्याआधी समजून घ्या. तुमच्या विहाराचा फोटो उद्या एखादा कॅलेंडरवाला छापून विकेल. तुम्हाला न पटणारा पक्ष तो पोस्टरवर लावेल. नाव आणि परवाना लिहिला असेल तर कॉपीराइटच्या आधारे तुम्ही त्याला अडवू शकणार नाही. ही किंमत आम्हाला मान्य आहे, कारण दुसऱ्या बाजूला गावाचे कायमचे दर्शन जगाला होते. पण प्रत्येकाने ती स्वतः ठरवून मोजावी. मंडळाच्या सचिवाने सगळ्यांच्या वतीने नाही. आणि हाच नियम उलटही लागतो. कॉमन्सवरचा फोटो उचलून आपण जयंतीच्या बॅनरवर लावतो, तेव्हा खाली छायाचित्रकाराचे आणि परवान्याचे नाव लिहितो का?

परवाना फक्त कॉपीराइटपुरता असतो. फोटोतल्या माणसाची संमती ही त्याहून वेगळी आणि आमच्या मते जास्त मोठी गोष्ट आहे. सार्वजनिक सभेतल्या वक्त्याचा फोटो वेगळा. घरात बसलेल्या आजीचा, वर्गातल्या मुलांचा, आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याचा वेगळा. अत्याचारग्रस्त कुटुंबाचे फोटो मुक्त परवान्याने कधीही चढवू नका. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सोचे कलम २३ लागते. मोर्चाच्या फ्लेक्सवरचा फोटो दोन दिवसांत उतरतो. कॉमन्सवरून उचललेला फोटो कुठे कुठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही. घरांचे फोटो काढताना मोबाइलमधले लोकेशन बंद ठेवा. मुलींना स्वतःचे खरे नाव द्यायचे नसेल तर टोपणनावाने खाते उघडता येते आणि श्रेय त्याच नावाने मिळते.

मे महिन्यात मुंबईकर गावी आले की घराघरांतल्या पेट्या उघडल्या जातात. तेव्हा स्कॅन करण्याआधी फोटोची मागची बाजू बघा: स्टुडिओचा शिक्का, तारीख, पेन्सिलने लिहिलेली नावे तिथे असतात. ती बाजूही स्कॅन करा. घरातल्या वयस्कर माणसाला विचारा की फोटो कोणी काढला, पैसे कोणी दिले, कोण कुठे उभे आहे, आणि उत्तर लगेच लिहून घ्या. पैसे घरच्यांनी दिले असतील तर सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, एकट्या मोठ्या काकांची नको. स्टुडिओवाल्याचा हक्क असेल आणि त्याची मुले तो चालवत असतील तर त्यांच्याकडे जा. समजावून सांगितले तर लोक नाही म्हणतातच असे नाही.

नव्या फोटोंसाठी मूळ फाइल वापरा. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोचा आकार घटलेला असतो आणि कॅमेऱ्याची माहिती पुसलेली असते. म्हणून तो स्वतःचा आहे हे पटवणे अवघड जाते. फाइलला ‘आयएमजी’ आणि आकडे असे नाव न ठेवता गाव, तालुका, वास्तू आणि वर्ष घाला. वर्णन मराठीत लिहा, जमले तर इंग्रजीतही. वाडीचे नाव गाळू नका.

फोटो दुसऱ्याने काढला असेल तर ‘त्याने हो म्हटले’ एवढे पुरत नाही. फोटो काढणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवरून, कोणता फोटो आणि कोणता परवाना हे स्पष्ट लिहून, कॉमन्सच्या परवानगी विभागाला संमतीपत्र पाठवायचे असते. त्याचा नमुना कॉमन्सवरच मिळतो. तो पत्रव्यवहार स्वयंसेवक गोपनीय ठेवतात. संस्थेचा फोटो असेल तर अधिकार असलेल्या पदाधिकाऱ्याने, शक्यतो संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून पाठवावे. पत्र पोचायच्या आत फोटो हटवला गेला तरी घाबरू नका आणि तोच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा चढवू नका. तसे केले तर खाते बंद होऊ शकते. हटवलेली फाइल प्रशासकांकडे शिल्लक असते. संमती मान्य झाली की ती जशीच्या तशी परत आणता येते.